बहात्तरची चोपडी आणि वैशाखातली बेगमी



अक्षय तृतीया झाली की म्हसवडच्या गच्च्यांवर जागा उरत नाही. कुठे गहू, कुठे शाळू, कुठे तूरडाळ, शेवटच्या घराच्या गच्चीवर कुरडया. आमच्याकडेही गेला आठवडाभर हेच चाललंय. चाळायचं, निवडायचं, कडक उन्हात तापवायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरायचं. आपल्या घरात यामागे दोन कारणं असतात. एक वर्षाची बेगमी आणि दुसरं जीवदया. धान्य जरा सर्द राहिलं की आषाढात त्यात सोंडे होतात, मग ते दळणार कसं? पिठाची मर्यादा आपण पावसाळ्यात तीन दिवस पाळतो, पण मुळात धान्यच निर्मळ ठेवलं तर त्या मर्यादेला अर्थ.

परवा सून फोन बघत म्हणाली, "आई, तूरडाळ अजून पंचवीस किलो घेऊन ठेवायची का? सगळ्या ग्रुपवर आलंय, भाव वाढणार आहेत म्हणून."

मी सहज विचारलं, "आपण घरात माणसं किती?"

"पाच."

"आणि पाहुणेरावळे, त्यागी-व्रती धरून?"

ती हसली. "कळलं, नको म्हणताय."

मी नको म्हटलं नव्हतं. हा प्रश्न माझा नव्हेच, माझ्या सासूबाईंचा. त्यांनी तो एकदा माझ्या सासऱ्यांना विचारला होता, आणि त्याची गोष्ट आमच्या घरात पुष्कळ वर्षं कुणी मोठ्याने बोललं नाही. आज ती सांगते. पण ती नीट कळायची तर थोडा इतिहास सांगावा लागेल, आपल्या माणदेशाचा आणि थोडा आपल्या समाजाचाही. तेव्हा एक कप चहा घेऊन बसा.

माळ्यावरची चोपडी

आमचं दुकान भुसार मालाचं. तीन वर्षांपूर्वी माळा उतरवताना लाल कापडात बांधलेल्या चोपड्या सापडल्या. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही. मी बी.कॉम. झाले १९८० साली, पुढे कधी नोकरी केली नाही, पण खातेवही दिसली की अजून हात शिवशिवतात. बाकी वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. एक शाबूत होती. पहिल्या पानावर कुंकवाचा स्वस्तिक, श्री, आणि खाली वीर निर्वाण संवत २४९९. म्हणजे १९७२ च्या दिवाळीला पूजन केलेली वही.

बहात्तरची दिवाळी म्हटलं की आपल्या भागातल्या साठीपुढच्या बाईच्या पोटात आजही काहीतरी हलतं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते, माहेर माणमधल्याच एका खेड्यात. १९७० पासूनच पाऊस हात आखडून होता. बहात्तरला त्याने पाठच फिरवली. बाजरी गेली, विहिरींचे तळ दिसले, आणि शाळू पेरायला जमिनीत ओलच नव्हती.

त्या चोपडीत ज्वारीचं खातं होतं. दिवाळीला शिल्लक नव्वद पोती. पुढे पौष, माघ, फाल्गुन. पोती थोडी थोडी कमी होत जातात आणि भावाचा रकाना पान उलटेल तसा चढत जातो. मी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. मग वही मिटली आणि तशीच बसून राहिले.

दुष्काळ आपल्याला नवा नाही

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव आपण सगळ्यांनी पाहिला आहे. जुन्या सरकारी कागदांत त्याला म्हसवड तलावच म्हणतात. पोरं तिथे पक्षी बघायला जातात. तो तलाव म्हणजे १८७६-७८ च्या महादुष्काळातलं दुष्काळी काम. उपाशी माणसांच्या हातांनी माणगंगेवर तो बांध घातला गेला. त्याचं पाणीही बहुतेक खालच्या अंगाला, आटपाडी-सांगोल्याकडे जातं. माणच्या वाट्याला फारसं आलं नाही, ही आपल्याकडची जुनी सल आहे.

१८७६ ला दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. सातारा, सोलापूर, पुणे, नगर, विजापूर सगळीकडे पीक बुडालं. त्या वेळच्या सरकारचं धोरण असं की व्यापारात हात घालायचा नाही. भाव चढले की धान्य आपोआप तिकडे जाईल. धान्य गेलंही, पण जिथे पैसे देणारा होता तिथे. त्या वर्षांतही देशातून परदेशी धान्य जातच होतं. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत मोठा दरबार भरवून राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि त्याच महिन्यांत दुष्काळी कामावरच्या माणसांची मजुरी कापायचा निर्णय झाला. रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्याने ठरवलं की दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य पुरे, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम, आणि वर मीठमिरचीपुरते थोडे पैसे. बायकांना त्याहून कमी.

आपल्या इलाख्यातल्या मजुरांनी काय केलं ठाऊक आहे? हजारोंनी काम सोडलं. पोटात अन्न नसताना केलेला तो संप होता. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि त्यांची मंडळी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारला कळवत राहिली. त्याच साली सावित्रीबाई फुले जुन्नरकडे ओतूरला दुष्काळी कामात होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक मंडळींनी दुष्काळातल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. त्या दुष्काळात देशभरात अर्ध्या कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज आहे.

त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० साली एक गोष्ट कबूल केली. पीक बुडालं की आधी मजुराचं काम जातं, काम गेलं की मजुरी जाते, आणि नेमके त्याच वेळी भाव चढतात. घरात पैसा नाही म्हणून माणूस उपाशी राहतो. बाजारात पोती असली तरी. त्यावरून पुढे दुष्काळ संहिता तयार झाली. त्यात अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की धान्याचे भाव अचानक चढायला लागले आणि माणसं गाव सोडून भटकायला लागली की ती दुष्काळाची खूण समजा.

आपल्या समाजाचं एक पान

हे लिहावं की नाही असा विचार मी दोन दिवस केला. पण हिशेब लिहायचा तर जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

दुष्काळाच्या एकच वर्ष आधी, १२ मे १८७५ ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर हल्ला केला. लोण बऱ्याच गावांत पसरलं. माणसं मारण्यावर त्यांचा रोख नव्हता, त्यांना कर्जरोखे हवे होते. ते हाती लागले की चौकात जाळायचे. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. ज्यांच्या पेढ्या लुटल्या गेल्या ते सावकार कोण होते? बहुतेक मारवाडी आणि गुजर. पुस्तकात 'गुजर' हा शब्द वाचला तेव्हा मी दचकले, कारण म्हसवड, नातेपुते, फलटण, अकलूज इकडे आपल्या घरांनाही लोक गुजरच म्हणतात.

सगळेच सावकार वाईट होते असं मी म्हणत नाही. सरकारचा शेतसारा रोखीत भरायचा असे, आणि शेतकऱ्याला रोकड द्यायला दुसरं दार नव्हतं. कापसाचे भाव अमेरिकेतल्या यादवीत चढले होते, युद्ध संपल्यावर कोसळले, आणि कर्ज तसंच राहिलं. हे सगळं खरं. पण अशिक्षित माणसाच्या अंगठ्यावर मांडलेलं चढतं व्याज, हेही खरंच. म्हणून १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर असे चार जिल्हे त्यात होते, म्हणजे आपलाही.

आपण पर्युषणात दहा दिवस क्षमा मागतो. कुणाची, हे मात्र क्वचितच आठवतो.

बहात्तर

आता माझ्या डोळ्यांदेखतचं सांगते.

रेशनच्या दुकानात तेव्हा मिलो यायची. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि चव कशाचीच नसायची. आई तव्यावरून भाकरी उतरवताना म्हणायची, "डोळे मिटून खा, शाळू समज." माझ्याबरोबर शाळेत असलेल्या दोन मुली एके दिवशी आल्या नाहीत. नंतर कळलं, आईबरोबर खडी फोडायला जातात. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, सगळीकडे तीच कामं. डोईला पदर गुंडाळून बायका हातोडी मारत बसायच्या, बाजूला झोळीत पोर. दुपारी सुकडी वाटत, गोडसर पिठासारखी. तिचा वास मला आजही कुठेतरी येतो आणि मी तेरा वर्षांची होते.

पीक किती बुडालं? १९७२-७३ ला महाराष्ट्रात धान्य नेहमीच्या निम्म्याच्याही खाली गेलं होतं. राज्याबाहेरचं धान्य खासगी व्यापाऱ्याला मोकळेपणाने आणता येत नव्हतं. म्हणजे खरोखरच धान्य कमी होतं, नुसती अफवा नव्हती.

याच्या शेजारी एक वेगळं वर्ष ठेवून बघा. १९४३ चा बंगाल. तिथे अंदाजे ३० लाख माणसं भुकेने आणि त्यापाठोपाठच्या रोगराईने गेली. अमर्त्य सेन तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते, शांतिनिकेतनात त्यांनी ते पाहिलं. मोठेपणी अर्थशास्त्रज्ञ झाल्यावर त्यांनी १९८१ च्या पुस्तकात आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य इतकं काही कमी नव्हतं. युद्धामुळे भाव अनेक पटींनी चढले, साठे अडले, आणि शेतमजूर, कोळी, नावाडी अशा रोजच्या कमाईवर जगणाऱ्यांना ते परवडेनासं झालं. अन्न होतं, ते घेण्याची ऐपत संपली.

म्हणजे बंगालमध्ये धान्य होतं तरी माणसं मेली. आपल्याकडे धान्य निम्म्यावर आलं, हाल झाले, जनावरं विकली गेली, माणसं वाळली, पण बंगालसारखा मृत्यूचा लोंढा आला नाही. का? कारण हाताला काम होतं आणि कामाला रोख मजुरी होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. मजुरी फार नव्हती आणि ती वेळेवर मिळे असंही नाही. पण आठवड्याच्या बाजारी बाईच्या कनवटीला चार रुपये असले की ती दुकानाच्या पायरीवर येऊन भाव विचारू शकते.

पागेसाहेब आणि दोनशे रुपये

या कल्पनेच्या मागे आपल्या शेजारचा माणूस होता, याचा मला अभिमान वाटतो. वि. स. पागे, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम द्यायला हवं आणि तो हक्क मानायला हवा, हा विचार त्यांनी १९६५ च्या सुमारास विसापूरला छोट्या प्रमाणावर करून पाहिला. बहात्तरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना तो राज्यभर उपयोगी पडला. १९७७ साली विधिमंडळात रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कामाचा हक्क कायद्याने देणारं आपलं राज्य देशात पहिलं. पुढे २००५ ला केंद्राने कायदा केला तो याच वाटेवरून.

यातली एक गोष्ट कॉमर्सवाल्या बाईला विशेष वाटते. पैसा कुठून आणला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. तुमच्या मुलाच्या पगाराच्या कागदावर दरमहा 'पीटी' म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात ना, तो हा. आमच्या दुकानालाही वर्षाला अडीच हजार भरावे लागतात. सासरे दर वेळी कुरकुरायचे. पण तो कर आला त्यामागचं मुख्य कारण होतं रोजगार हमी. शहरातला पगारदार आणि पेठेतला व्यापारी यांच्याकडून घेऊन खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीला लावायचं. मी तर याला सरकारने लावून दिलेलं दान म्हणते, फक्त आपण ते हसतमुखाने देत नाही.

त्याच दिवसांत मुंबईतल्या बायका गप्प बसल्या नव्हत्या. १९७२ ला तिथे महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एका झेंड्याखाली आल्या. गृहिणी लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत रस्त्यावर आल्या. साखर, तेल, रॉकेल, धान्य रास्त भावात द्या, आणि साठेबाजांची गोदामं उघडा. पुढे १९७३ च्या शेवटी जगात तेलाचे भाव भडकले आणि १९७४ ला देशात महागाईचा दर २५ टक्क्यांच्या आसपास गेला, तेव्हा लाटणं हे घराघरातल्या रागाचं चिन्ह झालं होतं.

आमच्या पेठेत मात्र त्या मोर्च्यांचे फोटो पेपरात आले की पुरुष मंडळी पान उलटत. गोदाम म्हटलं की आपलंच नाव घेतलं जातं असं त्यांना वाटे. १९७३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने गव्हाचा घाऊक व्यापारच स्वतःकडे घेतला, तेव्हा तर भीतीच पसरली. तो प्रयोग फसला आणि पुढच्या वर्षी मागे घेतला, हे वेगळं.

सासूबाईंचा त्याग

आता चोपडीकडे येते.

सासूबाईंनी लग्नानंतर काही वर्षांनी मुनी महाराजांच्या समोर परिग्रह परिमाण व्रत घेतलं होतं. साड्या इतक्या, दागिने इतके, घरातलं धान्य इतकं. वर्षाचा शाळू किती लागतो ते माणसं मोजून ठरवलेलं. पण दुकानातलं धान्य हे त्यांच्या व्रतात नव्हतं. ते पुरुषांचं.

त्र्याहत्तरच्या चैत्रात एक बाई दुकानाच्या पायरीशी आली. आमच्याकडे वर्षानुवर्षं धान्य निवडायला येणारी, दुष्काळात खडीच्या कामावर लागलेली. त्या आठवड्याची मजुरी मिळाली नव्हती. एक पायली ज्वारी उधार मागत होती. सासऱ्यांनी वही उघडून दाखवली. मागची उधारी तशीच होती. "आधीचं फेड, मग बघू," म्हणाले. ती गेली.

सासूबाई आतल्या दारात उभ्या होत्या. रात्री त्यांनी विचारलं, "आपण घरात माणसं किती?"

"सात," सासरे म्हणाले.

"मग खाली गोदामात सात माणसांचं किती वर्षांचं आहे?"

सासरे चिडले. व्यापाऱ्याने माल ठेवायचा नाही तर काय करायचं? मी साठवला नसता तर आज गावात तेवढाही नसता. हे बोलणं खोटं नाही, मैत्रिणींनो. शाळू निघतो माघ-फाल्गुनात आणि भूक लागते आषाढात. मधले महिने कुणीतरी धान्य राखावंच लागतं. आणि उधारी खरोखर बुडत होती. त्या वहीत कितीतरी नावांपुढे आडव्या रेघा आहेत, म्हणजे कधीच न आलेले पैसे.

सासूबाई वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदिरात जाऊन त्यांनी ज्वारीचा त्याग घेतला. पाऊस पडेपर्यंत शाळूची भाकरी खायची नाही. रेशनची मिलो खायची. घरात सगळ्यांना शाळू वाढायच्या आणि आपलं ताट लाल भाकरीचं. त्यांच्या शेजारी जेवायला बसणाऱ्या सासऱ्यांना रोज ते ताट दिसे.

आठ-नऊ दिवसांनी चोपडीत एक ओळ आहे. "धर्मादाय खाते, ज्वारी, पोती ४." आणि त्यानंतर उरलेली बावीस पोती विकली आहेत, पायली-दोन पायलीने, त्या आधीच्या पानावरच्या भावापेक्षा कमी भावाने. दिवाळीच्या भावाने. अक्षर सासऱ्यांचंच आहे.

पण मी तुम्हाला सगळा हिशेब सांगेन म्हटलं होतं. नव्वदातली चौसष्ट पोती त्याआधी गेली होती, चढत्या भावाने. खरेदीचा भाव मागच्या शिलकेत लिहिलेला होता. मी वजाबाकी केली. तो आकडा इथे लिहीत नाही. आमच्या घराची माडी चौऱ्याहत्तरला चढली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी. ज्या गच्चीवर मी आज गहू वाळवते, ती त्याच माडीवरची.

सासूबाईंनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, आणि तेव्हाही सासऱ्यांना वाईट म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "त्यांनी ऐकलं. उशिरा ऐकलं."

शास्त्रात हे सगळं आहे

तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाच्या मर्यादा मोजताना धन आणि धान्य ही दोन नावं शेजारीशेजारी आहेत. सोन्याला आपण परिग्रह मानतो, धान्याला क्वचितच. पण आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचे पाच अतिचार सांगितले, त्यातला एक अतिसंग्रह. टीकाकार त्याचा अर्थ सांगताना उदाहरण कशाचं देतात? धान्याचंच. हे पुढे जाऊन मोठा नफा देईल, या लोभाने भरून ठेवणं, तो अतिसंग्रह. त्याच्याच पुढे आहे अतिविस्मय, म्हणजे विकल्यावर भाव चढला की हळहळणं, आणि अतिलोभ, चांगला नफा मिळत असतानाही अजून हवा वाटणं. आज बाजाराच्या बातम्या ऐकताना हे तिन्ही आपल्या घरात कसे येऊन बसतात ते बघा.

संग्रह मुळातच वाईट, असं मात्र शास्त्र म्हणत नाही. कच्छच्या भद्रेश्वरचे श्रावक जगडूशाह यांचं चरित्र आपल्यातल्या पुष्कळ जणींनी प्रवचनात ऐकलं असेल. तेराव्या शतकातल्या तीन वर्षांच्या दुष्काळात त्यांनी आधीपासून भरलेली कोठारं गरिबांसाठी उघडली. साठवलं त्यांनीही. कुणासाठी, हे आधी ठरलेलं होतं. आपल्याजवळच्या मंगळवेढ्याचे दामाजीपंत तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. बादशहाचं कोठार त्यांनी भुकेल्यांना खुलं केलं.

आणि अक्षय तृतीयेचीच कथा घ्या. भगवान आदिनाथ सहा महिन्यांच्या उपवासानंतर आहारासाठी निघाले आणि पुढे कितीतरी महिने त्यांना आहार मिळाला नाही. अन्न नव्हतं म्हणून? घरोघरी भरपूर होतं. लोक रत्नं, वस्त्रं, हत्तीघोडे घेऊन पुढे येत. आहार कसा द्यावा हे कुणाला माहीत नव्हतं. हस्तिनापूरला श्रेयांस राजाने ते जाणलं आणि उसाचा रस दिला. भरलेल्या गावात भुकेलेला, हे चित्र मला बंगालच्या दुष्काळाचं वाचताना पुन्हा पुन्हा आठवत होतं.

आणि आज?

आज बहात्तर राहिलेलं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य हक्काचं झालं, आणि २०२३ पासून ते मोफत आहे. भाव भडकले की सरकार साठ्यावर मर्यादा घालतं. २०२३ च्या जूनमध्ये तूर, उडीद आणि गव्हावर घातली होती. माणमध्ये दुष्काळ येतोच, पण २०१२-१३ ला म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी होती, आणि ती बायकांनी उभारलेल्या संस्थेने चालवली, हे मी स्वतः पाहिलंय.

पण रेशनच्या पिशवीत डाळ नसते, तेल नसतं, भाजी नसते. २०१५ ला तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली, तेव्हा आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईच्या घरी सहा महिने वरण नव्हतं. माझ्या घरी होतं, कारण मी वैशाखात भरून ठेवली होती. उपाशी राहणं वेगळं आणि भाकरी-मिरचीवर पोट भरणं वेगळं, पण पोरांच्या अंगात दोन्ही दिसतं. आपल्याला भाव वाढला की चिडायला होतं, तिला एक पदार्थ ताटातून काढावा लागतो.

म्हणून यंदा आमच्या घरात आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. सुनेनेच कागदावर लिहून फ्रिजला लावल्या आहेत.

पहिली, बेगमी माणसं मोजून. वर्षाचं लागतं तेवढं, पाहुणे आणि त्यागी-व्रती धरून, त्याच्या पुढे नाही. भाव चढणार अशी बातमी आली की त्या आठवड्यात मुळीच खरेदी करायची नाही, कारण आपण सगळ्याजणी एकदम धावलो की भाव चढतोच.

दुसरी, जी डाळ वर्षाची भरू त्यातला एक वाटा घरकामाच्या ताईचा, खरेदीच्याच भावाने, पैसे जमतील तसे. फुकट दिलं तर तिला ओशाळवाणं होतं. भाव गोठवून दिला तर तिला हिशेब करता येतो.

तिसरी, मूठ. रोज स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात. महिन्याअखेर तो डबा ज्या घरी त्या महिन्यात अडचण असेल तिथे. आमच्या आज्या हे करायच्या, आपण कधी सोडलं तेही आठवत नाही.

सून म्हणाली, "आणि दुकानाचं काय?" मुलाने वर बघितलं. मी त्याच्यासमोर ती चोपडी ठेवली आणि चैत्राचं पान उघडून दिलं. तो बराच वेळ वाचत होता. काय ठरवायचं ते तो ठरवेल. मी काही बोलले नाही, आणि रात्री ताटं वाढायला घेतली.

तुमच्या घरात बहात्तरच्या आठवणी असतील तर सासूबाईंना, आईला विचारून घ्या. वह्या असतील तर माळ्यावरून काढा. जमेची बाजू वाचा, नावेचीही वाचा.

आता उन्हं उतरली आहेत. गहू गोळा करायला हवेत.

जय जिनेंद्र.